चपला घालून आत या

आमच्या घरात पादत्राणं आत येत नाहीत. नियम माझा नाही, ह्यांचा. ह्यांचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. जन्मभर इंजिनिअरिंग केलं आणि रिटायर झाल्यावर उरलेलं सगळं इंजिनिअरिंग घरावर चालवलं, असा हा गृहस्थ. अमेरिकेत ईडन प्रेरीला घर घेतलं तेव्हा गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या चिंचोळ्या खोलीत ह्यांनी स्वतः फळ्या कापून बुटांची मांडणी ठोकली. वरच्या फळीवर पाहुण्यांचे, मधल्या फळीवर घरचे, खाली बर्फात घालायचे. डिशवॉशर दुरुस्त करायला आलेल्या धिप्पाड माणसालाही हे हसतमुखाने निळी प्लास्टिकची आवरणं देतात आणि त्याने ती बुटांवर चढवेपर्यंत दार अडवून उभे राहतात. मिनेसोटाची माणसं गोड बोलण्यापुढे नेहमीच नमतात, त्यामुळे आजवर कुणी भांडलेलं नाही.

मीही कधी भांडले नव्हते. बाहेरची चप्पल आत आणायची नाही, याचं बाळकडू मलाही नागपूरला माहेरी मिळालेलं. त्यामुळे बुधवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे तेव्हा कॅमेऱ्यात दिसणारा कुडता इस्त्रीचा असायचा, केस नीट असायचे आणि टेबलाखाली पाय अनवाणी असायचे. त्यात वावगं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. मी मधुमेहाची डॉक्टर आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

नोकरी संपली तरी हा बुधवार मी सोडलेला नाही. पॅसिफिक महासागरात एक देश आहे. नकाशावर बोट टेकवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढा. नोकरीत असताना आमच्या क्लिनिकच्या एका गटाबरोबर मी तिथे एकदा गेले होते. परत आले ती हे बुधवारचं काम घेऊनच. तिथलं मोठं सरकारी हॉस्पिटल एकच. बाकीच्या बेटांवर लहान दवाखाने, आणि तिथे जमलं नाही की पेशंट होडीतून या हॉस्पिटलात येतो. इथे माझा बुधवार असतो तेव्हा तिथे गुरुवारची सकाळ असते. "तुम्ही कालच्या बाई," असं मला तिथली सिस्टर म्हणते आणि आपल्याच विनोदावर दरवेळी पहिल्यांदा सुचल्यासारखी हसते.

हॉस्पिटल म्हणजे समुद्राकाठच्या लांबलचक बैठ्या इमारती. पत्र्याची छपरं, पुढे व्हरांडे. मोठ्या भरतीला आवारात पाणी येतं आणि ते ओसरल्यावर कुणीतरी व्हरांड्यातून खेकडे हाकलत असतं. एक्स-रेचं मशीन एक. बिघडलं की सुटा भाग विमानाने यायची वाट बघायची. औषधं बोटीने येतात, बोट उशिरा येते, आणि मग एखाद्या आठवड्यात इन्शुलिन असतं पण सुया नसतात. परदेशातून डॉक्टर करारावर येतात, करार संपला की जातात. या सगळ्यात भर म्हणजे साखर. पूर्वी ही माणसं मासे आणि नीरफणस खाऊन होडी वल्हवत होती. आता दुकानात पांढरा भात, डब्यातलं मांस, नूडल्स आणि गोड सरबतं. मासा महाग, डबा स्वस्त. घरटी एकाला तरी मधुमेह. सर्जरीच्या वॉर्डात अपघाताचे, हर्नियाचे पेशंट थोडे. बाकी सगळे पाय. चिघळलेले, काळे पडलेले, कापलेले.

हे सगळं बघून मी पहिल्या दिवशी इतकी चिडले होते की कुणावर चिडावं ते कळेना. तेव्हा मला सिस्टरच्या खोलीत नेलं.

सिस्टर म्हणजे पायाच्या ड्रेसिंगच्या खोलीची प्रमुख. अंगाने भरलेली, कानामागे कायम एक फूल, आवाज असा की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पेशंट उठून बसेल. सकाळी कामाला आली की आधी ती स्वतः गुडघ्यावर बसून खोलीची फरशी पुसायची. त्या अख्ख्या हॉस्पिटलमध्ये, जिथे वाळू गादीत, चादरीत, फायलींत सगळीकडे असते, तिथे एवढी एकच खोली अशी की फरशीवर भात वाढून जेवावं. दारात हाताने रंगवलेली पाटी होती, 'चपला बाहेर'. बाहेर रबरी चपलांची रांग. मी चपला काढून त्या गार फरशीवर पाय ठेवला आणि मला खरंच माहेरी आल्यासारखं वाटलं. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "मग तुम्ही आमच्याच." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

बुधवारी ती फोन हातात धरून एकेक पाय मला दाखवते. जखम किती खोल, कडा कशा, वास येतो का. मग नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवते. आपल्या मासे पकडायच्या तंगुसासारखाच असतो तो दोरा. पेशंटने डोळे मिटायचे आणि दोरा टेकला की 'हो' म्हणायचं. ज्याला तळव्याला काही जाणवत नाही, तो गप्प बसतो. त्या शांततेची मला सवय झाली आहे, पण ती आवडायला लागलेली नाही. शेवटी मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचे, की अनवाणी चालू नका, घरातसुद्धा नाही. ते मान डोलवायचे, खुर्चीवरून उतरायचे आणि त्या स्वच्छ फरशीवरून अनवाणी दाराकडे जायचे.

गेल्या हिवाळ्यातल्या एका बुधवारी स्क्रीन उघडला तर फोन सर्जनच्या हातात होता. हा सर्जन तिथलाच. परदेशात शिकून परत आलेल्या थोड्या लोकांपैकी एक, आणि देशात एकटाच असल्यामुळे चेहरा कायम न झोपल्यासारखा. सिस्टर मागे स्टुलावर बसलेली दिसली. ही बाई मी बसलेली कधी पाहिली नव्हती.

"सिस्टर, बसलात का?" मी विचारलं. "पाय दुखतोय?"

"दुखत काहीच नाही," ती म्हणाली.

 या आजारात पाय दुखत नाही, हीच खरी भीती असते. सर्जनने फोन खाली नेला. उजव्या पावलाच्या चवड्याखाली भोक पडलेलं होतं, अंगठ्याजवळची दोन बोटं निळीकाळी, आणि सूज घोट्याकडे निघालेली. साखर तिलाही होती हे मला माहीत होतं. तिथे ती कुणाला नाही? पण दिवसभर दुसऱ्यांच्या पायाला दोरा लावणाऱ्या बाईने स्वतःच्या पायाला तो कधी लावलाच नव्हता.

"आतून हे निघालं," सर्जन म्हणाला आणि एका वाटीत काहीतरी दाखवलं. इंजेक्शनच्या काचेच्या कुपीचं तोडलेलं टोक. तिच्याच खोलीत तोडलं जातं ते. एखादं उडून पडलं असणार, पुसताना कोपऱ्यात सरकलं असणार. ती त्याच्यावर उभी राहिली, चालली, चर्चला गेली, झोपली, आणि तिला पत्ताही नव्हता.

"तुमच्या पायात चप्पल नव्हती?" मी विचारलं.

"माझ्या खोलीत?" मी तिला 'तुम्ही देवळात थुंकलात का' असं विचारल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली.

 इतकी वर्षं त्या फोनमधून मी अनवाणी पाय बघत होते. पेशंट अनवाणी, सिस्टर अनवाणी. घरात जे करू नका म्हणून मी बजावत होते, ते आमच्याच खोलीत, आमच्याच पाटीमुळे, माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. इथला एखादा गोरा डॉक्टर असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की या लोकांच्या चपला कुठे आहेत? सिस्टरला, सर्जनला आणि मला तो प्रश्न पडणंच शक्य नव्हतं. आम्ही तिघंही चपला बाहेर काढणाऱ्या घरांत वाढलेले.

सर्जनला पाय गुडघ्याखाली कापायचा होता. तो निर्दय नव्हता, त्याचं कारण मला पटत होतं. "मी आधी बोट कापतो, मग पाऊल, मग पाय," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी पेशंटला सांगतो की आता बस. मग पेशंट माझ्यावर विश्वास ठेवत नाही आणि पुढच्या वेळी येतच नाही. घरी मरतो. त्यापेक्षा एकदाच कापलेलं बरं."

पण गुडघ्याखाली कापणं म्हणजे काय, हे त्या बेटावर गेलेल्या माणसालाच कळेल. तिथे कृत्रिम पाय बनवणारं कुणी नाही. चाकांची खुर्ची वाळूत चालत नाही. ज्यांचे पाय गेलेत ती माणसं मी पाहिली आहेत. घराच्या ओट्यावर चटईवर बसलेली असतात, सगळ्यांना हात करतात आणि हळूहळू जाड होत, गप्प होत जातात. परदेशी उपचाराला कुणाला पाठवायचं ते ठरवणारी एक समिती आहे. ती पायासाठी कुणाला पाठवत नाही, कारण पाय फार आहेत. सिस्टरला हे सगळं पाठ होतं. वर्षानुवर्षं तिनेच ते लोकांना गोड शब्दांत समजावलं होतं.

"डॉक्टर," ती मला म्हणाली, "टाच ठेवा. टाच असली की मी उभी राहीन."

मी सर्जनला पावलाच्या वर बोटं ठेवून नाडी बघायला सांगितली. तो बराच वेळ डोळे मिटून बसला. "लागतेय," तो म्हणाला. "चांगली लागतेय." म्हणजे रक्त पोचत होतं. म्हणजे जखम भरण्याइतका जीव त्या पावलात होता. मी त्याला म्हटलं, आधी पू काढा, मोठं अँटिबायोटिक शिरेतून द्या, थोडे दिवस थांबा, मग जेवढं मेलंय तेवढंच कापा. तो म्हणाला, ते अँटिबायोटिक संपलंय, बोट यायची आहे. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी शेजारच्या मोठ्या देशातून ते विमानाने मागवायचं ठरलं. आणि सर्जन म्हणाला, "ताप चढला तर मात्र मी तुमचं ऐकणार नाही." मी म्हटलं, ताप चढला तर मीच तुम्हाला कापायला सांगेन.

मी लॅपटॉप मिटला. हजारो मैलांवर बसून एका बाईच्या जिवाचा जुगार खेळायला सांगितलाय, आणि आपण टेबलावरच्या द्राक्षांच्या वाटीकडे बघतोय, असं वाटून मला स्वतःचीच चीड आली.

त्याच शनिवारी आमच्याकडे जेवण होतं. नेहमीची मंडळी. माझ्याबरोबर या देशात आलेले मराठी डॉक्टर, आता सगळे रिटायर. बाहेर फूटभर बर्फ. चिंचोळ्या खोलीतली मांडणी भरून बूट जमिनीवर उतरले होते आणि हे ते जोडीने लावत होते. आत श्रीखंडाच्या वाट्या फिरत होत्या. मी पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि तिथेच थबकले. मला माणसं दिसेनात, नुसते पाय दिसायला लागले. गार टाइल्सवर अनवाणी पाय, पातळ मोज्यातले पाय. या खोलीत हृदयाचा डॉक्टर, किडनीचा डॉक्टर, भूल देणारी बाई, आणि निम्म्यांना साखर. प्रत्येकाने आयुष्यभर पेशंटला सांगितलेलं की अनवाणी चालू नका.

"सगळ्यांनी बूट घालून या," मी म्हटलं.

"निघायचं? अगं, अजून पुऱ्या यायच्यात," हृदयाचे डॉक्टर म्हणाले.

"निघायचं नाही. बूट घालून आत या. ज्यांना ज्यांना डायबिटीस आहे त्यांनी सगळ्यांनी."

आधी सगळे हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. मी सिस्टरची गोष्ट सांगितली.  भूल देणारी मैत्रीण आपल्या पायांकडे बघत म्हणाली, "खरं आहे गं. पण पलीकडे देवघर आहे ना? बूट घालून कसं फिरायचं?" आणि हे म्हणाले, "अगं, आपलं फ्लोअर क्लीन आहे. सकाळीच व्हॅक्यूम केलंय मी."

"तिचंही क्लीनच होतं," मी म्हटलं. पुऱ्या गार झाल्या. बूट कुणी घातले नाहीत.

मंडळी गेल्यावर मी ह्यांना सोफ्यावर बसवलं. ह्यांनाही साखर आहे, बरीच वर्षं. दरवर्षी डॉक्टरकडे पाय तपासून घेतात आणि 'ऑल गुड' म्हणून येतात. मी कपाटातून दोरा काढला. "डोळे मिटा. टेकलं की हो म्हणा."

"हो," हे म्हणाले. मी अजून टेकवला नव्हता.

मी अंगठ्याखाली टेकवला. गप्प. चवड्याला टेकवला, दोरा वाकला. गप्प. मग मी हात मागे घेऊन नुसतीच बसले, तर हे म्हणाले, "हो. हो. बघ, सगळं बरोबर सांगतोय की नाही?"

ह्यांना वाटलं होतं ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत ह्यांना कधी कमी मार्क मिळाले नव्हते. अंदाजाने उत्तरं देत होते. दरवर्षी तेच करत आले असणार. मी दोरा बाजूला ठेवला आणि ह्यांचं पाऊल मांडीवर घेऊन बसले. मला रडू आलं. हे डोळे उघडून म्हणाले, "काय झालं? बरोबर नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी मी घरात घालायचे मऊ, बंद बुटांचे दोन जोड ऑर्डर केले. बाहेर कधीच न जाणारे, फक्त घरासाठी. ह्यांनी खोकं उघडलं, सोल उलटेपालटे करून बघितले, शिवणीचं कौतुक केलं आणि बूट मधल्या फळीवर ठेवून दिले. "बूट म्हणजे बूट," म्हणाले. "स्वयंपाकघरात मी बूट घालणार नाही." मी रागावले, समजावलं, दोन दिवस अबोला धरला. शेवटी हे म्हणाले, "हे बघ, तुझ्या त्या सिस्टरनं तिच्या खोलीत बूट घातले ना, तर मी घालीन. प्रॉमिस." हे थट्टेत म्हणाले होते. मी मात्र ते लक्षात ठेवलं.

पुढच्या बुधवारपर्यंत अँटिबायोटिक पोचलं होतं. सिस्टर आता वॉर्डात, खाटेवर. खाटेखाली, खाटेभोवती तिची माणसं चटया टाकून बसलेली. हळू आवाजात प्रार्थनेची गाणी म्हणत होती. सूज घोट्यावरून उतरली होती. सर्जन पहिल्यांदाच थोडा हसला. मी म्हटलं, आता बोटं आणि चवडा जाऊ द्या, टाच ठेवा. तो म्हणाला, सोमवारी करू.

सोमवारच्या आतच त्याचा मेसेज आला. ताप.

मी फोन केला तेव्हा इथे सकाळचा चहा चालला होता, तिथे मध्यरात्र उलटली होती. सर्जन म्हणाला, "गुडघ्याखाली. तुम्ही म्हणाला होता." हो, म्हटलं होतं. मी विचारलं, ताप किती, कधीपासून, श्वास कसा, लाली घोट्याच्या वर गेलीय का? लाली वर गेली नव्हती. मी म्हटलं, सलाइनची सुई हातात किती दिवस आहे? त्याने मागे कुणाला तरी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "हात लाल आहे. सुईपाशी."

"मग ताप हाताचा असेल," मी म्हटलं. "सुई बदला. आजच ऑपरेशन करा. पाऊल उघडल्यावर आत काय दिसतं ते बघा. आत घाण वर चढलेली असेल तर गुडघ्याखाली कापा, मी काही म्हणणार नाही. नसेल तर टाच ठेवा."

तो तिच्या खाटेपाशी गेला. मग म्हणाला, "तिला तुम्ही सांगा." फोन तिच्या तोंडाशी धरला गेला. घामाने भिजलेलं तोंड, कानामागचं फूल सुकलेलं. मी जे होतं ते सांगितलं. टाच राहील अशी आशा आहे, खात्री नाही. आणि उशीर झाला तर जीवही जाईल. ती म्हणाली, "कालच्या बाई, उद्या भेटू." या वेळी ती हसली नाही.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. ह्यांनी आपला आपण पोळीचा रोल करून खाल्ला आणि माझ्यासाठी एक टेबलावर ठेवला. मी खिडकीतून तळ्यावरच्या गोठलेल्या पाण्यात भोकं पाडून मासे पकडत बसलेल्या लोकांकडे बघत बसले. चुकलं असेल तर? सर्जनचं ऐकलं असतं तर बाई जगली तरी असती. हा विचार मी दिवसभर आळीपाळीने गिळत आणि परत बाहेर काढत होते. संध्याकाळी फोटो आला. पट्टीत गुंडाळलेलं आखूड पाऊल, पुढून सपाट. खाली सर्जनने लिहिलं होतं, 'टाच आहे.' मी फोटो ह्यांना दाखवला. ह्यांनी तो मोठा करून बघितला आणि चष्मा पुसत बसले.

जखम भरायला हिवाळा गेला. बर्फ वितळून आमच्या अंगणात चिखल झाला, गवत वर आलं, तेव्हा कुठे ती भिंतीला धरून उभी राहिली. हॉस्पिटलच्या सुताराने तिच्यासाठी बूट बनवला, पुढच्या रिकाम्या जागेत फोम आणि कापड कोंबून. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं की डावा पायही काही चांगला नाही. हे आखूड पाऊल तर आता कशालाच तोंड देऊ शकणार नाही. एक काच, एक खडा, आणि या वेळी टाचही जाईल. बूट काढायचा तो फक्त झोपताना. ती दरवेळी हो म्हणायची. मला त्या 'हो'चा भरवसा नव्हता. एक 'हो' मी घरीही ऐकलं होतं.

ती कामावर परतली त्या बुधवारी मी ह्यांना शेजारी बसायला लावलं. स्क्रीनवर सर्जन फोन धरून तिच्या मागे चालत होता. व्हरांडा, काठी, बूट घातलेले दोन पाय, आणि मग ते दार. पाटी अजून तशीच होती. बाहेर चपलांची रांग होती. आत बाकावर पेशंट बसलेले, सगळे अनवाणी, सगळे तिच्याकडे बघणारे. तिच्या गैरहजेरीत कुणीतरी फरशी रोज पुसलेली दिसत होती.

ती उंबरठ्यापाशी थांबली. काठी भिंतीला टेकवली. मग वाकली आणि तिचा हात बुटाच्या बंदाकडे गेला.

मी ओरडणार होते. माझ्या तोंडात शब्द आला होता. पण त्याआधी माझ्या शेजारची खुर्ची सरकली. हे उठून चिंचोळ्या खोलीत गेले. मधल्या फळीवरून बूट काढल्याचा आवाज आला. परत आले ते बूट हातात घेऊन, आणि स्वयंपाकघराच्या दारात, ह्यांनीच आखलेल्या सीमेवर, उभे राहिले.

"सिस्टर," हे लॅपटॉपच्या दिशेने इंग्रजीत म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. "मी डॉक्टरांचा नवरा. मलाही हे आवडत नाही. अजिबात नाही."

तिने मान वर करून बघितलं. मी लॅपटॉप वळवला, म्हणजे तिला ह्यांचे पाय दिसतील. ह्यांनी भिंतीला धरून एक बूट घातला, मग दुसरा. वेळ लागला. मग आमच्या त्या घासूनपुसून लख्ख केलेल्या फरशीवर पाऊल टाकलं, आणि चेहरा असा केला की जणू कुणाला तरी दुखावलं आहे.

स्क्रीनवर सिस्टरने बंदावरचा हात काढून घेतला. काठी घेतली. बूट घालून उंबरठा ओलांडला. एक पाऊल, मग दुसरं. तिच्या मागे ओल्या फरशीवर वाळूचे दोन ठसे उमटले, एक अख्खा आणि एक अर्ध्यातून फिका. तिने वळून त्यांच्याकडे बघितलं. बादली आणि फडकं कोपऱ्यातच होतं. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं. ठसे पुसले नाहीत.

मग ती बाकावरच्या माणसांकडे वळली आणि त्या जुन्या, व्हरांडाभर जाणाऱ्या आवाजात ओरडली. काय म्हणाली ते मला भाषा येत नसूनही कळलं, कारण सगळे उठले, दारापाशी गेले आणि आपापल्या चपला शोधायला लागले.